सर्व्हर-मांडणीची संहिता आणि लिनक्सची विविधता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
सोलापुरी चादरीवरील नक्षी जॅकार्ड मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या साहाय्याने विणली जाते. एका जॅकार्डसाठी पाडलेले पुठ्ठे वेगळ्या हुकसंख्येच्या जॅकार्डवर जसेच्या तसे चालत नाहीत. सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या संहितेपुढेही असाच प्रश्न उभा राहिला. प्रस्तुत लेखात तिच्या देखभालीचा व चाचणीचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९९३ मध्ये ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी 'सीएफइंजिन' निर्माण केले. निरनिराळ्या युनिक्स संगणकांची मांडणी एकाच वर्णनातून व्हावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे ल्यूक कॅनिस यांचे 'पपेट' (२००५) व मायकेल डीहान यांचे 'अ‍ॅन्सिबल' (२०१२) आले. आज्ञांच्या यादीऐवजी यंत्राची अपेक्षित स्थिती लिहून ठेवणे, हे या परंपरेचे सूत्र होय.

विविधतेचा प्रश्न :
अपाची हा एकच वेब-सर्व्हर डेबियनमध्ये 'अपाची-२', तर रेड हॅटमध्ये 'एचटीटीपीडी' या नावाने बसविला जातो; त्याच्या मांडणीच्या फाइलींची जागाही भिन्न असते. त्यामुळे एका वितरणावर निर्दोष चालणारी संहिता दुसऱ्यावर अडते.

चाचणीची पद्धत :
संहिता कोऱ्या यंत्रावर चालवून सेवा खरोखर सुरू झाली की नाही, हे प्रथम पाहिले जाते. नंतर तीच संहिता पुन्हा चालविली जाते. या वेळी एकही बदल होता कामा नये. २०१३ मध्ये डॉकर आल्यानंतर प्रत्येक वितरणाचे तात्पुरते कंटेनर उभारणे सुलभ झाले. तथापि कंटेनर यजमान संगणकाचेच कर्नल वापरतो. म्हणून कर्नलशी निगडित बाबींसाठी आभासी यंत्रावरील चाचणी आवश्यक ठरते.

सेंटॉसचा धडा :
डिसेंबर २०२० मध्ये झालेल्या घोषणेनुसार सेंटॉस लिनक्स ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला. तो २०२९ पर्यंत अपेक्षित होता. २०२१ मध्ये अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स हे पर्याय उपलब्ध झाले. ते रेड हॅटशी सुसंगत असूनही, ज्या संहितेतील अटी 'सेंटॉस' या नावावरच बेतल्या होत्या, ती तेथे थांबली. सी-डॅकच्या 'बॉस' या डेबियनाधारित प्रणालीकडे वळायचे, तर बदल याहून अधिक करावे लागतात.

निष्कर्ष :
वितरणाचे आयुष्य संस्थेच्या हाती नसते. संहितेची चाचणी मात्र असते. महाविद्यालयात सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती बहुधा एकच असते. ती बदलून गेल्यावर मांडणीचे ज्ञान संहितेत उरते आणि ते विश्वसनीय आहे की नाही, हे चाचणीवरूनच कळते. म्हणून किमान दोन वितरणांवरील नियमित चाचणी हा देखभालीचाच भाग मानला पाहिजे.