माँट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट

माँट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट ही कॅनडातील क्वेबेक प्रांतातील माँट्रियल शहरात असलेली, मॅकगिल विद्यापीठाची मेंदू व चेतासंस्थाविषयक संशोधनसंस्था आणि रुग्णालय आहे. मेंदूशल्यचिकित्सक वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३४ साली तिची स्थापना केली. 'द न्यूरो' या संक्षिप्त नावानेही ती ओळखली जाते. रुग्णावरील उपचार, संशोधन व अध्यापन ही तिन्ही कामे एकाच छपराखाली चालावीत, हे तिचे स्थापनेपासूनचे वैशिष्ट्य आहे.

स्थापना

वाइल्डर पेनफील्ड (१८९१–१९७६) यांचा जन्म अमेरिकेतील स्पोकेन येथे झाला. ऑक्सफर्ड येथे त्यांनी चार्ल्स शेरिंग्टन यांच्याकडे शरीरक्रियाविज्ञानाचा अभ्यास केला. पुढे माद्रिदमध्ये मेंदूच्या ऊतींचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षण करण्याच्या पद्धती, तर जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे ओटफ्रिट फोर्स्टर यांच्याकडे अपस्मारावरील शस्त्रक्रिया त्यांनी अभ्यासली. १९२८ साली ते सहकारी विल्यम कोन यांच्यासह माँट्रियलला आले. त्याच वर्षी त्यांनी आपली बहीण रूथ हिच्या मेंदूतील अर्बुदावर शस्त्रक्रिया केली. अर्बुद पूर्णपणे काढता आले नाही आणि काही वर्षांनी तिचा मृत्यू झाला. शल्यचिकित्सक, चेताविकारतज्ज्ञ व प्रयोगशाळेतील संशोधक यांनी एकत्र काम करण्याची संस्था असावी, या त्यांच्या निश्चयाला या अनुभवाने बळ मिळाले.

रॉकफेलर प्रतिष्ठानाने या कार्यासाठी सुमारे १२ लाख डॉलरचे अनुदान दिले. माउंट रॉयल टेकडीच्या उतारावर, रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या शेजारी संस्थेची इमारत उभी राहिली व सप्टेंबर १९३४ मध्ये तिचे उद्घाटन झाले. पेनफील्ड १९६० पर्यंत संचालक होते. त्यांच्यानंतर थिओडोर रासमुसेन व विल्यम फाइन्डेल यांनी ही धुरा सांभाळली.

जागृत रुग्णावरील शस्त्रक्रिया

औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या अपस्मारावर येथे विकसित झालेली शस्त्रक्रियापद्धती 'माँट्रियल पद्धती' म्हणून प्रसिद्ध आहे. मेंदूच्या ऊतीला स्वतःला वेदना होत नाही. त्यामुळे डोक्याची त्वचा व कवटी यांपुरती बधिरता आणून रुग्णाला जागे ठेवता येते. शल्यचिकित्सक मेंदूच्या पृष्ठभागावर सौम्य विद्युत्प्रवाह देई आणि रुग्ण आपल्याला काय जाणवते ते सांगत असे. कोठे बोट हले, कोठे ओठाला मुंग्या येत, तर कोठे बोलणे मध्येच थांबे. त्या त्या जागी क्रमांकाची चिठ्ठी ठेवली जाई. झटक्यांचा उगम शोधणे आणि वाणी व हालचाल यांची केंद्रे वाचवणे, हा या पद्धतीचा हेतू होता.

१९३८ मध्ये संस्थेत आलेल्या हर्बर्ट जॅस्पर यांनी मेंदूतील विद्युत्क्रियेचा आलेख काढणारी प्रयोगशाळा उभारली. रोगग्रस्त भाग ओळखण्यास या आलेखांची मोठी मदत झाली.

उपचारासाठी गोळा झालेल्या या नोंदींतूनच मेंदूच्या बाह्यकाचा नकाशा तयार झाला. पेनफील्ड व एडविन बोल्ड्री यांनी १९३७ साली तो प्रसिद्ध केला. शरीराच्या कोणत्या अवयवाला मेंदूत किती जागा मिळते हे दाखवणारी विचित्र मानवाकृती, 'होम्युन्क्युलस', या निबंधात प्रथम आली. तिचे ओठ व अंगठा प्रचंड, तर धड लहान आहे. कारण मेंदूतील जागा अवयवाच्या आकारावर ठरत नसून त्याच्या संवेदनेच्या व हालचालीच्या सूक्ष्मतेवर ठरते.

शंखखंडाला उद्दीपन दिल्यावर काही रुग्णांना जुने प्रसंग किंवा ऐकलेले संगीत पुन्हा अनुभवल्यासारखे वाटे. गतकाळाची अखंड नोंद मेंदूत जपलेली असते, असा निष्कर्ष पेनफील्ड यांनी त्यावरून काढला. मात्र त्यांच्याच १९६३ सालच्या अहवालानुसार शंखखंडाला उद्दीपन दिलेल्या ५२० रुग्णांपैकी केवळ ४० जणांना असे अनुभव आले होते. ते खऱ्या आठवणी होत्या की तत्क्षणी निर्माण झालेले भास, याविषयी पुढील संशोधकांनी शंका घेतली आहे.

स्मृतीविषयक संशोधन

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर (जन्म १९१८) १९५० मध्ये डॉनल्ड हेब यांच्या विद्यार्थिनी म्हणून संस्थेत आल्या. एका बाजूचा शंखखंड अंशतः काढल्यावर दोन रुग्णांची नवी स्मृती नाहीशी झाल्याचे त्यांना व पेनफील्ड यांना आढळले. या रुग्णांच्या मेंदूची दुसरी बाजू आधीपासूनच निकामी असावी, असे अनुमान त्यांनी मांडले. यांपैकी एका रुग्णाच्या मृत्यूनंतर झालेल्या तपासणीत ते खरे ठरले.

हे निष्कर्ष कळल्यावर अमेरिकेतील हार्टफर्डचे शल्यचिकित्सक विल्यम स्कॉव्हिल यांनी आपल्या एका रुग्णाची माहिती दिली. हेन्री मोलेसन (१९२६–२००८) या तरुणाचे दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस १९५३ मध्ये बव्हंशी काढण्यात आले होते. त्याची बुद्धी शाबूत होती. पण काही मिनिटांपूर्वी भेटलेली व्यक्तीही त्याला आठवत नसे. स्कॉव्हिल व मिल्नर यांचा १९५७ सालचा निबंध स्मृतिविज्ञानातील मूलभूत निबंध मानला जातो. आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे कौशल्य मात्र हा रुग्ण तीन दिवसांत शिकला, जरी आदल्या दिवसाचा सराव त्याच्या स्मरणात नव्हता. प्रसंगांची स्मृती आणि कौशल्यांची स्मृती भिन्न आहेत, हे यावरून स्पष्ट झाले.

मेंदूची प्रमाण चित्रे

प्रत्येक माणसाच्या मेंदूचा आकार वेगळा असल्याने निरनिराळ्या प्रयोगांची तुलना अवघड होते. त्यासाठी संस्थेने ३०५ निरोगी व्यक्तींच्या एमआरआय प्रतिमांची सरासरी काढून प्रमाण मेंदू तयार केला. त्याच्या सुधारित आवृत्तींवर आधारलेली स्थाननिर्देशपद्धती आज जगभर वापरली जाते. २०१३ साली जर्मनीतील युलिश येथील संशोधनकेंद्राच्या सहकार्याने 'बिगब्रेन' हा त्रिमितीय आराखडा प्रसिद्ध झाला. ६५ वर्षांच्या एका मृत महिलेच्या मेंदूचे ७,४०४ पातळ काप घेऊन तो रचला असून सर्व संशोधकांना खुला आहे.

ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटशी गल्लत

मॅकगिल विद्यापीठाशी संलग्न असलेली ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूट ही मनोविकारसंस्था अनेकदा या संस्थेशी एकरूप समजली जाते. प्रत्यक्षात ती स्वतंत्र होती. तेथील संचालक युएन कॅमेरॉन यांनी १९५७ ते १९६४ या काळात, अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या अर्थसाहाय्याचा लाभ घेऊन, रुग्णांवर त्यांच्या जाणत्या संमतीविना तीव्र विद्युत्-आघात, दीर्घ निद्रा व ध्वनिफितींच्या माऱ्याचे प्रयोग केले. अनेकांची स्मृती कायमची बाधित झाली. १९९२ मध्ये कॅनडा सरकारने काही पीडितांना भरपाई दिली. मेंदूवरील संशोधनात रुग्णाच्या संमतीचे महत्त्व सांगताना या प्रकरणाचा दाखला दिला जातो.

भारताशी संबंध

भारतातील आधुनिक मेंदूशल्यचिकित्सेचा आरंभ या संस्थेशी निगडित आहे. पेनफील्ड यांच्याकडे प्रशिक्षण घेतलेले जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातील पहिला मेंदूशल्यचिकित्सा विभाग सुरू केला. मुंबईतील या शाखेच्या आद्य शल्यचिकित्सकांपैकी राम गिंडे यांचेही प्रशिक्षण माँट्रियलला झाले होते.

मुक्त विज्ञान

२०१६ साली संस्थेने 'मुक्त विज्ञान' धोरण स्वीकारले. त्यानुसार संशोधनाची माहिती व साधने इतरांना विनाअडथळा उपलब्ध करून दिली जातात आणि संस्था आपल्या शोधांवर एकस्व घेत नाही. टॅनेनबॉम कुटुंबाने त्यासाठी २ कोटी डॉलरची देणगी दिली. चेतासंस्थेच्या अनेक विकारांवर अद्याप परिणामकारक औषध नाही आणि कोणत्याही एका प्रयोगशाळेकडे पुरेशी माहिती जमत नाही, ही या धोरणामागील भूमिका आहे. रुग्णांचे जैविक नमुने व माहिती त्यांच्या संमतीनेच या साठ्यात घेतली जाते आणि त्यांची ओळख गुप्त राखली जाते.