धोकासंकेत रेणू

शरीरातील पेशींना इजा झाली किंवा त्या अकाली फुटल्या, की त्यांच्यातून बाहेर पडून रोगप्रतिकार संस्थेला जागे करणाऱ्या, शरीराच्याच रेणूंना धोकासंकेत रेणू असे म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ते 'डॅम्प' या नावानेही ओळखले जातात. त्यांतील बहुतेक रेणू निरोगी पेशीत नित्याचे काम करीत असतात. त्यांची जागा पेशीच्या आत असते. ते पेशीबाहेर आढळणे हाच धोक्याचा संकेत होय. मुका मार, भाजणे, निर्जंतुक शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका यांत रोगजंतू नसतानाही दाह का निर्माण होतो, याचा उलगडा या संकल्पनेने होतो.

इतिहास

लाली, सूज, उष्णता व वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इ.स.च्या पहिल्या शतकात नोंदवली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रतिकारशास्त्रावर 'स्व' आणि 'पर' या भेदाचा पगडा होता. जे परके आहे त्यावर शरीर हल्ला करते, असे मानले जाई. १९८९ साली चार्ल्स जेनवे यांनी, सूक्ष्मजीवांत सर्रास आढळणारे ठरावीक रेणू ओळखणारे ग्राही शरीरात असले पाहिजेत, असे प्रतिपादन केले. १९९४ साली पॉली मॅट्झिंगर यांनी 'धोका सिद्धान्त' मांडला. अन्न, आतड्यांतील निरुपद्रवी जीवाणू आणि गर्भ यांत परकेपण असूनही शरीर ते सहन करते. तेव्हा परकेपणापेक्षा इजा निर्णायक असली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याच वर्षी जर्मनीतील वॉल्टर लँड व सहकाऱ्यांनी मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या अभ्यासावरून याच दिशेचा विचार मांडला. रोपित अवयवाचा रक्तपुरवठा थांबून पुन्हा सुरू होताना होणारी इजा अवयव नाकारला जाण्यास हातभार लावते, असे त्यांचे म्हणणे होते.

प्रमुख रेणू

* एचएमजीबी-१ : पेशीकेंद्रकात डीएनएशी निगडित असलेले प्रथिन. फुटून मरणाऱ्या पेशींतून ते बाहेर सांडते; नियोजित पेशीमृत्यूत मात्र ते केंद्रकातच घट्ट चिकटून राहते, असे २००२ साली दाखवून देण्यात आले. शरीरात रोज असंख्य पेशी मरूनही दाह का होत नाही, याचे हे एक कारण आहे.
* एटीपी : पेशीतील ऊर्जावाहक रेणू. पेशीबाहेर त्याचे प्रमाण एरवी अत्यल्प असते, म्हणून गळती झाल्याचे तत्काळ कळते.
* तंतुकणिकांचे घटक : तंतुकणिकांचे पूर्वज जीवाणू असल्याने त्यांचा डीएनए व काही प्रथिनांचे तुकडे जीवाणूंसारखे असतात. गंभीर अपघातग्रस्तांच्या रक्तात हे घटक वाढलेले असतात, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.
* युरिक आम्ल : मृत पेशींतील केंद्रकाम्लांच्या विघटनातून ते तयार होते, त्याचे स्फटिक दाह भडकवतात.
* इतर : इंटरल्युकिन-१ आल्फा, इंटरल्युकिन-३३, एस-१०० प्रथिने, तसेच पेशींभोवतीच्या आधारद्रव्यातील हायलुरोनिक आम्लाचे तुकडे.

इजेनंतरची प्रतिक्रिया

ऊतींमध्ये कायम वास्तव्य करणाऱ्या महाभक्षी पेशी हे संकेत प्रथम टिपतात. त्यासाठी त्यांच्याकडे टोल-सदृश ग्राही व इतर ग्राही असतात. एटीपी किंवा युरिक आम्लाचे स्फटिक यांमुळे पेशीत 'इन्फ्लमासोम' नावाची प्रथिनांची जुळणी होते आणि इंटरल्युकिन-१ बीटा हे दाहकारक द्रव्य कार्यान्वित होऊन बाहेर पडते. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तातून जखमेकडे येतात. पुढे मोनोसाइट पेशी येऊन मृत अवशेष साफ करतात आणि नव्या ऊतींची बांधणी सुरू होते. डेंड्रायटिक पेशी नमुने घेऊन लसीका ग्रंथींकडे जातात व तेथील टी-पेशींना सज्ज करतात.

प्रत्येक संकेताला प्रतिसाद मिळतोच असे नाही. एखादीच पेशी मेली असता शेजारच्या महाभक्षी पेशी आपले प्रवर्ध पसरून ती जागा झाकून टाकतात व न्यूट्रोफिलांची झुंड टाळतात, असे २०१९ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले.

हानिकारक परिणाम

लहान जखमेत उपयोगी ठरणारी हीच यंत्रणा मोठ्या इजेत घातक ठरू शकते. गंभीर अपघात किंवा मोठ्या भाजण्यात संकेत रक्तात मिसळून सर्व शरीरभर पसरतात. त्यामुळे जखमेपासून दूर असलेली फुप्फुसे व मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. याच काळात प्रतिकारशक्तीचा काही भाग दबतो. मोनोसाइट पेशींवरील, टी-पेशींना नमुने दाखवणारे रेणू घटतात आणि रुग्णाला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. गाउट या सांधेदुखीत युरिक आम्लाचे स्फटिक हेच दाहाचे मूळ असते.

उपचारांतील महत्त्व

इंटरल्युकिन-१ ला अडवणारी औषधे गाउटच्या हट्टी रुग्णांत वापरली जातात. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे १० हजार रुग्णांवरील कॅनाकिनुमॅबच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पुन्हा झटका येण्याचे प्रमाण घटले, परंतु प्राणघातक जंतुसंसर्ग काहीसे वाढले. संकेत दाबला की संरक्षणही कमी होते, ही या उपचारांपुढील मूलभूत अडचण आहे. याउलट काही कर्करोगविरोधी औषधांनी मरणाऱ्या पेशी असे संकेत सोडून प्रतिकार संस्थेला अर्बुदाविरुद्ध उभे करतात.

आक्षेप

धोका सिद्धान्त सर्वमान्य नाही. शस्त्रक्रियेची जखम भरून आल्यावर दीर्घ काळानेही रोपित अवयव नाकारला जातो, तो केवळ इजेमुळे असे म्हणणे कठीण आहे. काही प्रथिनांवरील सुरुवातीच्या प्रयोगांत नमुन्यांमध्ये जीवाणूंच्या विषद्रव्याची भेसळ आढळल्याने ते निष्कर्षही पुन्हा तपासावे लागले. परकेपणा आणि इजा या दोन्हींचे संकेत एकत्रितपणे प्रतिसाद घडवतात, असा मध्यममार्गी दृष्टिकोन अनेक अभ्यासक स्वीकारतात.

हेही पहा

* दाह
* रोगप्रतिकारशक्ती
* तंतुकणिका
* अवयव प्रत्यारोपण