सत्तर जागांची मराठी: फोनला देवनागरी येत नव्हती तेव्हा

आजचा भाग सुरू करण्याआधी एक काम करा. घरातल्या चाळिशीच्या आसपासच्या कुणाचे तरी मेसेज उघडून बघा. मामा, आत्या, काका, कुणीही चालेल. बरेच जण आजही मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. आपण त्यांना हसतो, "मराठी असून मराठीत लिहायला काय होतं?" असंही विचारतो. ही सवय आली कुठून, ते आज बघूया.

सुरुवातीच्या स्मार्टफोनची गोष्ट आपण साधारण अशी ऐकलेली असते: 2007 साली अमेरिकेत पहिला आयफोन आला. त्यात ॲप स्टोअर नव्हतं, कॉपी-पेस्ट नव्हतं, व्हिडिओ काढता येत नव्हता. भारतात 2008 च्या ऑगस्टमध्ये आयफोन थ्रीजी आला, तेव्हा गंमत अशी की देशात कुठे थ्रीजी नेटवर्कच सुरू झालेलं नव्हतं. हे सगळं खरंच आहे. पण मराठी माणसाची खरी अडचण याहून खूप आधीची आणि खूप साधी होती. त्याच्या फोनला त्याची लिपी येत नव्हती.

एसएमएसपासून सुरुवात करू. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात, म्हणजे 1,120 बिट. इंग्रजीचं एक अक्षर 7 बिटांत बसतं, म्हणून 160 अक्षरं मिळतात. देवनागरी त्या छोट्या यादीत नव्हतीच. तिच्यासाठी युनिकोड वापरावं लागे आणि तिथे एका चिन्हाला 16 बिट लागत. भागाकार करा. 1,120 भागिले 16, म्हणजे 70.

आता या सत्तरही सरळ सत्तर अक्षरं नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, प्रत्येकाला वेगळी जागा लागते. 'महाराष्ट्र' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण फोन त्याच्या दहा जागा मोजतो. "तुम्हाला आणि तुमच्या कुटुंबाला दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!" या एका ओळीत 59 जागा गेल्या. उरल्या 11. तेवढ्यात स्वतःचं नाव बसवा! नाही बसलं तर मेसेजचे दोन तुकडे होणार आणि पैसे दोन मेसेजचे जाणार. एसएमएसचं पॅक मारलेलं असलं तरी दिवाळीला, नवीन वर्षाला ते चालत नसे. त्या दिवसांना 'ब्लॅकआउट डे' म्हणायचे. म्हणजे ज्या दिवशी सगळ्यात जास्त मेसेज जाणार, त्याच दिवशी प्रत्येक मेसेजला पूर्ण दर.

बरं, पैसे घालून देवनागरीत पाठवलंच, तरी समोरच्याच्या फोनमध्ये तो फॉन्ट हवा ना! नसेल तर त्याला दिसणार चौकोन. रांगेनं रिकामे चौकोन. मग तो फोन करून विचारणार, "अरे, काय पाठवलंयस?"

त्यामुळे लोकांनी वाट काढली आणि रोमन अक्षरांत मराठी लिहायला सुरुवात केली. स्वस्त, सगळ्या फोनवर दिसणारी आणि नऊ बटणांवर पटापट टाइप होणारी. पण त्यात भाषेचं काहीतरी सांडत गेलं. ल आणि ळ एक झाले, न आणि ण एक झाले. के-ए-एल लिहिलं की ते 'काल' वाचायचं, 'काळ' की 'कळ', हे संदर्भावरून ओळखायचं. के-ए-डी-एच-आय म्हणजे 'कधी' पण आणि 'कढी' पण. जेवणाच्या वेळेला आईला असा मेसेज गेला तर घोटाळा ठरलेला.

आता इंटरनेटकडे येऊ. जीपीआरएसवर प्रत्यक्षात सेकंदाला 30-40 किलोबिट मिळाले तरी नशीब. त्या वेगानं 3 एमबीचं एक गाणं उतरायला दहा मिनिटं लागत, तीही मध्ये कनेक्शन तुटलं नाही तर. पॅक नसेल तर 10 केबीला 10 पैसे हा दर सर्रास होता. म्हणजे एका एमबीला साधारण 10 रुपये आणि त्या एका गाण्याला 30. आजच्या दिवसाच्या दीड जीबीला त्या दरानं पंधरा हजारांच्या वर मोजावे लागले असते.

एवढं करून मराठी पान उघडलं, तरी पुन्हा तेच चौकोन. तेव्हा ऑपेरा मिनी नावाचा ब्राउझर साध्या जावा फोनवर चालायचा. तो पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर आकसून घ्यायचा आणि मग फोनला पाठवायचा. त्याच्या सेटिंगचं एक लपलेलं पान होतं. तिथे एक पर्याय 'येस' केला की सर्व्हर देवनागरी अक्षरांची छोटी चित्रं करून पाठवी. फोनला फॉन्ट नसला तरी चित्र दिसतंच. ही युक्ती मित्रामित्रांत फिरायची. फक्त चित्रांना डेटा जास्त लागे. म्हणजे मराठी वाचायची तर इंग्रजीपेक्षा जास्त पैसे मोजून.

युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून होती. पण नुसता क्रमांक असून भागत नाही. फोनमध्ये फॉन्ट लागतो आणि अक्षरं नीट जोडणारी व्यवस्थाही लागते. ती नसली की ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात. सुरुवातीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर हेच व्हायचं. 2011 च्या शेवटी अँड्रॉइड 4 आलं आणि पुढच्या एक-दोन वर्षांत चित्र बदलत गेलं. 'ॲप' या शब्दातला 'ॲ' तर आणखी मजेशीर आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये आलं 2008 साली, म्हणजे ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं त्याच वर्षी! त्याआधी 'अ'ला वेगळा चंद्र जोडून काम भागवत. काही ठिकाणी तो चंद्र अजूनही टिंबांच्या गोलावर एकटाच लटकलेला दिसतो.

या सगळ्यात अडकलं कोण? ज्याला इंग्रजी येत होतं, त्यानं वाट काढली. पण जी आजी फक्त मराठी वाचू शकत होती, ज्या शेतकऱ्याचं शिक्षण मराठी शाळेत चौथीपर्यंत झालं होतं, त्यांच्यासाठी फोन हे फक्त बोलायचं यंत्र राहिलं. हिरवं बटण आणि लाल बटण. मेसेज आला की नातवाला हाक मारायची. फोनमध्ये भारतीय भाषा वाचता आल्याच पाहिजेत, असा नियम केंद्र सरकारनं काढला तो 2016 साली. त्याच वर्षी जिओ आलं आणि डेटाही स्वस्त झाला.

दुसरं नुकसान सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. त्या काळच्या साध्या फोनमध्ये मोजके मेसेज मावत. इनबॉक्स भरला की जुने पुसायचे, तेव्हाच नवा येणार. एका पिढीनं एकमेकांना लिहिलेली मराठी, प्रेमपत्रं, भांडणं, निकाल, बाळ झाल्याच्या बातम्या, बहुतेक अशीच पुसली गेली. त्याआधीच्या पिढीची पोस्टकार्डं निदान ट्रंकेत सापडतात.

म्हणून आत्याचा रोमन मराठीतला मेसेज आला की हसण्याआधी ते सत्तर आठवा. आळसापायी लागलेली सवय नाही ती. तेव्हा परवडणारी आणि समोरच्याला नक्की दिसणारी मराठी तीच होती. आता तुमच्या कीबोर्डवर पूर्ण देवनागरी आहे, ळ आहे, ण आहे आणि जादा पैसेही पडत नाहीत. आत्याला तो कीबोर्ड लावून द्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि घरात कपाटात जुना फोन पडला असेल, चार्जर सापडला, तर तो एकदा सुरू करून बघा. इनबॉक्समध्ये काही उरलं असेल तर वहीत उतरवून ठेवा. भेटूया पुढच्या भागात!