शेजाऱ्याची गरज : पांझरेच्या फडापासून पाणी पंचायतीपर्यंत

मागच्या वेळी बऱ्याच श्रोत्यांनी एक प्रश्न पाठवला होता. पर्यावरण राखायचं तर ते सरकारने राखावं की लोकांनी? आज आपण या प्रश्नाकडे इतिहासाच्या बाजूने जाणार आहोत. 'लोकांनी' म्हणजे नेमकं कोणी, आणि कसं, हे आधी बघू. त्यासाठी विषय घेतला आहे पाण्याचा, आणि प्रदेश महाराष्ट्रातला. कारण पाणी वाटून घेणं ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. ती मोडली कशी आणि पुन्हा उभी राहिली कशी, याचा बराचसा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

सुरुवात धुळे आणि नाशिक जिल्ह्यांतून करू. पांझरा, मोसम, आरम या तापी-गिरणेच्या खोऱ्यातल्या नद्या. या नद्यांवर जागोजाग दगडी बंधारे आहेत, आणि त्यांच्यावर चालणाऱ्या सिंचनाला 'फड पद्धत' म्हणतात. ती तीन-चारशे वर्षं जुनी असावी असं अभ्यासक मानतात. बंधाऱ्यामुळे नदीचं पाणी थोडं वर चढतं, पाटात वळतं, पाटातून चाऱ्यांत जातं आणि उरलेलं पाणी सांडव्याने पुन्हा नदीत येतं. पुढे ते खालच्या गावाच्या बंधाऱ्याला मिळतं. म्हणजे बांधणीतच खालच्या गावाचा विचार आहे.

पण फडाची खरी गंमत बंधाऱ्यात नाही, वाटणीत आहे. बंधाऱ्याखालची सगळी जमीन काही मोठ्या तुकड्यांत विभागलेली असते, बहुतेक ठिकाणी चार. त्या एकेका तुकड्याला म्हणायचं फड. एका फडात त्या हंगामात एकच पीक. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात पावसाळी पीक, आणि पुढच्या वर्षी ही पिकं फडांमधून फिरतात. कोणत्या फडात काय घ्यायचं हे एकट्या शेतकऱ्याने ठरवायचं नाही, सगळ्यांनी बसून ठरवायचं.

आता इथे एक बारकावा आहे, तो नीट लक्षात घ्या. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. समजा यंदा पाऊस कमी झाला आणि पाणी एकाच फडाला पुरेल इतकंच आहे. मग बाकीचे फड कोरडे ठेवायचे आणि एक फड भिजवायचा. पण त्या एका फडात जवळजवळ सगळ्यांचा तुकडा आहे. त्यामुळे दुष्काळात एकाचं भरलं आणि दुसऱ्याचं वाळलं, असं होत नव्हतं. तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी यायची.

दुसरा बारकावा असा की शेतकऱ्याने स्वतः पाणी घ्यायचं नाही. त्यासाठी गावाने माणसं नेमलेली असत. पाटावर लक्ष ठेवणारा पाटकरी, शेतात पाणी फिरवणारा बारेकरी, पिकाची राखण करणारा जागल्या. त्यांचा मोबदला पीक निघाल्यावर धान्याच्या रूपाने मिळायचा. पाटातला गाळ काढायला आणि बंधाऱ्याची डागडुजी करायला सगळ्यांनी उतरायचं. म्हणजे वाटणीचं काम चांगुलपणावर सोडलेलं नव्हतं. त्याला माणूस होता, आणि त्या माणसाचं पोट त्या कामावर होतं.

एक छोटी आठवण सांगतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा त्यांची सुरुवातीची नेमणूक याच खानदेशात होती. पांझरेच्या पाटावर नळांचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे होतं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. मोजक्या क्षेत्राला ठरावीक पाणी, पिकांची पाळी बांधलेली, आणि कालव्याच्या पाण्याचा लाभ जास्त गावांत पसरलेला. फड आणि ब्लॉक यांत साम्य दिसतं. पण एक मोठा फरक आहे. फडाचा हिशोब गावात व्हायचा. ब्लॉकचा हिशोब खात्याच्या कचेरीत होऊ लागला.

इथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल की जुनं गाव किती शहाणं होतं! आम्हालाही हा अभ्यास करताना काही काळ तसंच वाटलं. म्हणून इथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. 'सगळे बसून ठरवायचे' असं आपण म्हणतो, तेव्हा सगळे म्हणजे कोण? फडात वाटा जमिनीवर मिळायचा. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात वाटा नाही. बाई शेतात राबली तरी बैठकीत तिची जागा नाही.

आणि ही गोष्ट फक्त शेतीच्या पाण्यापुरती नव्हती. खानदेशातून जरा कोकणात येऊ. मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले असावेत. महाड नगरपालिकेने तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं, पण पाण्याला हात लावता येत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, दावा कोर्टात गेला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं.

पाण्याच्या सामुदायिक व्यवस्थेचा इतिहास सांगताना महाड वगळता येत नाही. समाजाने पाणी जपलं हे खरं, आणि त्याच समाजाने काही माणसांना पाण्यापासून लांब ठेवलं हेही तेवढंच खरं. म्हणून नुसतं 'जुन्याकडे परत चला' म्हणून भागणार नाही.

आता फड मोडला कसा? कारणं बरीच आहेत. नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, खालच्या बंधाऱ्यांना येणारं पाणी बदललं. बंधाऱ्यांत गाळ साचला. जमिनीच्या वाटण्या होत गेल्या. पण एक कारण आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे विहीर आणि तिच्यावरचा विजेचा पंप.

विहिरी आधीही होत्या. पण मोटेने किती पाणी निघणार? बैलांच्या ताकदीची त्याला मर्यादा होती. पंप आल्यावर ती मर्यादा गेली. ज्याच्याकडे विहीर आणि पंप, त्याला फडातल्या पिकाच्या ठरावाची गरज उरली नाही. पाटकऱ्याची गरज उरली नाही, गाळ काढायला जायची गरज उरली नाही. त्याला शेजाऱ्याचीच गरज उरली नाही. असे चार जण बाहेर पडले की उरलेल्यांवर डागडुजीचा भार वाढतो, मग आणखी चार बाहेर पडतात. यात कोणी दुष्ट नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या घराचं भलं पाहिलं. पण जमिनीखालचं पाणी बांधाच्या हद्दी ओळखत नाही, हे लक्षात यायला एक पिढी गेली.

मग आला १९७२ चा दुष्काळ. पुरंदर तालुका हा पर्जन्यछायेचा भाग. पुण्यातले अभियंते आणि उद्योजक विलासराव साळुंखे तिथे गेले आणि लोक दुष्काळी कामांवर खडी फोडताना त्यांनी पाहिले. पुढे नायगावला देवस्थानाची चाळीस एकर माळजमीन भाडेपट्ट्याने घेऊन त्यांनी तिथे पाणी अडवून, मुरवून शेती करून दाखवली. त्यातूनच ग्राम गौरव प्रतिष्ठान आणि 'पाणी पंचायत' उभी राहिली.

पाणी पंचायतीचे नियम सांगतो, कारण त्यांत फडाचा धडा आहे आणि महाडचाही. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, माणसांच्या प्रमाणात द्यायचं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊसासारखी भरमसाट पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. आणि योजनेच्या खर्चातला पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा, म्हणजे योजना आपली आहे हे पहिल्या दिवसापासून ठरतं.

इतिहासात याला महत्त्व आहे, ते असं. फडात वाटणीचं माप जमीन होतं. ते माप साळुंख्यांनी माणूस केलं. घरात पाच माणसं असतील तर पाच वाटे. नियम इतका साधा की कोणालाही बोटांवर मोजता यावा.

अर्थात, सगळं सुरळीत चाललं असं आम्ही म्हणणार नाही. उपसा योजनांना वीज लागते, दुरुस्ती लागते, गटात भांडणं होतात, शेजारी ऊस दिसला की नियम जाचक वाटतो. अनेक योजना पुढे थंडावल्या. साळुंखे २००२ मध्ये गेले. पण पाणी आणि जमीन यांची गाठ सोडवता येते, हे त्यांनी करून दाखवलं.

आता पुन्हा नाशिककडे जाऊ. दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला ओझर. कालव्यावर जो वरच्या अंगाला असतो तो 'हेडचा', आणि शेवटच्या टोकाचा तो 'टेलचा'. टेलच्या शेतकऱ्याची कहाणी सगळीकडे एकच. कागदावर पाणी, शेतात कोरड. ओझरला बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीने टेलच्या शेतकऱ्यांना एकत्र केलं. १९९० च्या सुमारास तिथे तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या : बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर.

या संस्थांनी खात्याकडून पाणी घनमापन पद्धतीने घेतलं, म्हणजे मोजून घेतलं आणि मोजलं तेवढ्याचेच पैसे भरले. ओढ्या-नाल्यांवर बंधारे घालून त्यांत पाणी सोडलं, जेणेकरून विहिरींना पाझर फुटावा. आणि ज्यांच्या विहिरींना त्याचा फायदा होतो त्यांच्याकडूनही पाणीपट्टी घेतली. हा फार मोलाचा विचार आहे. फड सोडून आपापल्या विहिरीवर गेलेल्या माणसाला इथे पुन्हा हिशोबात आणलं. 'तुझ्या विहिरीतलं पाणी तुझ्या एकट्याचं नाही,' हे पावती फाडून सांगितलं.

पुढे हेडच्या गावांतही संस्था झाल्या, आकडा चोवीसपर्यंत गेला, आणि या सगळ्यांची मिळून संपूर्ण प्रकल्पासाठी एक संस्था झाली. हेडचा आणि टेलचा एका टेबलावर आले. २००५ साली शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा राज्यात आला, त्यामागे ओझरसारख्या ठिकाणचा अनुभव होता.

विहिरीचा प्रश्न गावपातळीवर कसा हाताळता येतो, याचं एक उदाहरण नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९ साली तिथे सरपंच झाले. मृद्संधारणाची कामं अनेक गावांत झाली. पण या गावाने त्यापुढे जाऊन शेतीसाठी बोअर मारायला बंदी केली, आणि पावसाळा संपला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला, पिण्याला किती लागेल, उरलेल्यात कोणती पिकं बसतात. पाऊस कमी तर पीक कमी. हे ऐकल्यावर आपल्याला पांझरेकाठची ती बैठक आठवली ना? यंदा किती फड भिजवायचे, हाच तो प्रश्न.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. सरकार की लोक? इतिहास असं सांगतो की धरण, कायदा, पैसा हे सरकारशिवाय होत नाही, आणि महाडला तर कायद्याचा आधार लागलाच. पण रोजची वाटणी जवळच्या माणसांनीच करावी लागते. ती टिकते तेव्हा काही गोष्टी हमखास सापडतात. टेलच्या माणसाला बैठकीत आवाज असतो. माप सगळ्यांना दिसतं आणि कळतं. वाटणी राबवणाऱ्या माणसाला त्याचा मोबदला मिळतो. आणि ज्याच्याकडे स्वतःची सोय आहे त्यालाही हिशोबाबाहेर जाता येत नाही.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड आहे, आणि ती खेड्यापुरती नाही. आपल्यातले बरेच जण शहरात राहतात. उन्हाळ्यात सोसायटीची बोअर आटते, मग शेजारची सोसायटी आणखी खोल बोअर मारते, मग टँकर येतो. दोन सोसायट्यांची कमिटी एकत्र बसून 'आपण दोघं मिळून किती उपसायचं' असं बोलल्याचं आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं आहे? महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, तो २०१४ पासून लागू आहे. कायदा आहे. बैठक मात्र आपल्यालाच बोलवावी लागणार आहे.

पहिल्या बैठकीत एकच काम करा. इमारतीत किंवा वाडीत ज्याला सगळ्यांत शेवटी पाणी पोचतं, त्याला आधी बोलू द्या. आज इथेच थांबतो. आपले प्रश्न जरूर पाठवा, पुढच्या व्याख्यानाची सुरुवात त्यांनीच करू.