स्लीपिंग बॅगेचा तापमानांक : स्वरूप, परीक्षण आणि निवड

स्लीपिंग बॅग म्हणजे निद्रिस्त देहाभोवती स्थिर हवेचा थर धरून ठेवणारे आवरण. या व्याख्येत ‘स्थिर हवा’ हे पद प्रधान आहे. पिसे, कृत्रिम तंतू, कापड ही तिला स्थिर ठेवण्याची साधने होत. बॅग उष्णता निर्माण करीत नाही. नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या औष्णिक विद्युत केंद्रात वाफेच्या पाइपांवर चढवलेले लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक वेष्टन, वाफ तापवत नाही, बॉयलरमधून आलेली उष्णता वाटेत गळू देत नाही. बॅगेचेही कार्य इतकेच. येथे बॉयलरच्या स्थानी देह असतो. तापमानांक म्हणजे हवेचे असे तापमान, की ज्यात विशिष्ट देह, विशिष्ट स्थितीत, त्या बॅगेत उष्णतेच्या समतोलात राहतो. तेव्हा तापमानांक हा एकट्या बॅगेचा गुणधर्म नव्हे. तो देह, बॅग, भूमी आणि हवा या चौघांच्या संबंधाचा आकडा आहे. निवडीतील बहुतेक चुका या चौघांपैकी तिघांचा विसर पडल्याने होतात.

हा संबंध गणिताने मांडता येतो. निद्रिस्त प्रौढ देह आपल्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ४० वॅट उष्णता निर्माण करतो. तिचा साधारण चतुर्थांश श्वास व बाष्पीभवन यांतून जातो. उरलेले सुमारे ३० वॅट आवरणातून बाहेर पडतात. त्वचेचे सरासरी तापमान ३३ अंश सेल्सियस धरले आणि बाहेर ५ अंश असले, तर अंतर २८ अंशांचे होते. २८ ला ३० ने भागले की आवश्यक उष्णतारोध सुमारे ०.९३ चौरस मीटर केल्व्हिन प्रतिवॅट येतो. उष्णतारोध मोजण्यासाठी गॅगी, बर्टन आणि बॅझेट यांनी १९४१ मध्ये ‘क्लो’ हे एकक सुचवले. १ क्लो म्हणजे ०.१५५ चौरस मीटर केल्व्हिन प्रतिवॅट. त्या मापाने ५ अंशांसाठी सुमारे ६ क्लो लागतात, १५ अंशांसाठी ४ क्लोंपेक्षा किंचित कमी, आणि उणे १० अंशांसाठी ९ क्लोंहून थोडे अधिक. म्हणजे रोधातील प्रत्येक क्लोमागे साडेचार अंशांच्या आसपास फरक पडतो. हे हिशेब स्थूल आहेत, परंतु त्यांची दिशा खात्रीची आहे.

आता बॅग तीच ठेवून देह बदलू. दिवसभराच्या चालीने थकलेला, अर्धपोटी झोपलेला किंवा वयोवृद्ध देह ३० ऐवजी २५ वॅटच पुरवू शकला, तर ०.९३ रोधाची तीच बॅग ५ अंशांऐवजी सुमारे १० अंशांपर्यंतच पुरते. उष्णतानिर्मितीत एकषष्ठांश घट झाली की तापमानांक ५ अंशांनी सरकतो. दुकानात ५ आणि ० अंशांच्या दोन बॅगांमध्ये किमतीचे जे अंतर असते, तेवढे अंतर रात्रीच्या जेवणाने बुजू शकते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

देह असा चल असल्यामुळे परीक्षणासाठी तो निश्चित करावा लागला. युरोपीय मानक ईएन १३५३७ हे २००२ मध्ये आले. पुढे त्याचे स्थान आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतले. या पद्धतीत तापवलेला, संवेदक बसवलेला पुतळा अंतर्वस्त्रे व मोजे घालून, खाली मॅट देऊन, शीतकक्षात बॅगेत निजवतात आणि त्याला उबदार ठेवण्यास लागणाऱ्या ऊर्जेवरून रोध काढतात. त्या रोधावरून, मानकाने गृहीत धरलेल्या ‘प्रमाण’ पुरुष व स्त्रीसाठी, चार मूल्ये ठरतात. (१) उच्च मूल्य : ज्यात प्रमाण पुरुष चेन उघडी ठेवून, हात बाहेर काढून, फारसा घाम न येता झोपू शकतो. (२) सुखमूल्य, पुड्यावरील ‘कम्फर्ट’ : ज्यात प्रमाण स्त्री सैल देहाने, थंडी न वाजता झोपते. (३) सीमामूल्य, म्हणजे ‘लिमिट’ : ज्यात प्रमाण पुरुष अंग मुडपून जेमतेम समतोल राखतो. (४) पराकाष्ठामूल्य, म्हणजे ‘एक्स्ट्रीम’ : ज्यात प्रमाण स्त्री सहा तास काढू शकते, येथे झोपेचा विचार नसून केवळ जीव वाचण्याचा आहे.

या चारांपैकी निवडीस आधार कोणता? सुखमूल्यच, आणि ते पुरुषांनीही घ्यावे. सीमामूल्य हे मुडपून पडलेल्या २५ वर्षांच्या प्रमाण पुरुषाचे मूल्य आहे. रात्रभर त्या आसनात राहणे हे विश्रांतीचे लक्षण नव्हे. सुखमूल्य आणि सीमामूल्य यांत साधारण ५ अंशांचे अंतर असते, पराकाष्ठामूल्य त्याच्याही कितीतरी खाली असते. पुड्यावर ठळक अक्षरांत यांपैकी सर्वांत कमी आकडा छापण्याचा मोह विक्रेत्याला होतो. ज्या बॅगेवर एकच आकडा आहे आणि मानकाचा उल्लेख नाही, तिचा आकडा पराकाष्ठामूल्य समजून चालावे. मानकाबाबत आणखी एक नोंद आवश्यक आहे : त्याची रचना मध्यम थंडीसाठी आहे. अतिशीत मोहिमांच्या बॅगांवरील आकडे वाचताना त्याची ग्वाही गृहीत धरता येत नाही.

देह व बॅग यांनंतर हवा. येथे ‘तापमान’ म्हणजे मुक्कामाच्या जागी, पहाटेच्या सुमारास असणारे किमान तापमान. वृत्तपत्रातील आकडा आणि हे तापमान एक नव्हे. नागपूरचे किमान तापमान २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. असा आकडा जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीतील तापमापीचा असतो. निरभ्र, निर्वात रात्री जमीन आकाशाकडे उष्णतेचे प्रारण करते आणि तिच्यालगतची हवा पेटीतील हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, तेव्हा वेधशाळेचा आकडा शून्याच्या कित्येक अंश वर असतो. त्यात विसंगती काही नाही. दोन निरनिराळ्या उंचींवरची ती दोन तापमाने आहेत, आणि निजणारा माणूस खालच्या उंचीवर असतो.

उंचीचा नियम सर्वांना ठाऊक आहे : दर १००० मीटरमागे हवा सरासरी ६.५ अंशांनी थंड होते. खापरखेड्याची समुद्रसपाटीपासूनची उंची ३०० मीटरच्या आसपास, पचमढीजवळील धूपगडाची १३५० मीटर. अंतर १०५० मीटरचे, म्हणून फरक ७ अंशांच्या जवळ. मात्र हा नियम मुक्त वातावरणाच्या सरासरीचा आहे. हिवाळ्यातील शांत रात्री उतारावरची थंड, जड हवा ओघळून खोलगट भागात साचते आणि क्रम उलटतो. कोलार किंवा कन्हान नदीच्या काठचा तंबू त्या रात्री जवळच्या टेकाडावरच्या तंबूपेक्षा थंड असतो. दवही तेथे अधिक पडते. गडमाथ्यावर ही भीती कमी, परंतु वारा अधिक, आणि वारा बॅगेबाहेरील हवेचा थर उडवून रोध घटवतो. म्हणून स्थान तीन प्रकारचे मानावे : खोलगट, उतार आणि माथा. खोलगटासाठी अंदाजित तापमानातून ३ अंश वजा करावेत. माथ्यावर वाऱ्याचा आडोसा शोधावा. उताराला दुरुस्ती लागत नाही. डोक्यावर छप्पर असणे, मग ते गुहेचे, देवळाचे किंवा दाट झाडाचे असो, हेही एक आवरणच आहे, कारण ते प्रारण अडवते. हरिश्चंद्रगडावर गुहेत झोपलेला आणि कोकणकड्यालगत उघड्यावर झोपलेला, या दोघांना एकाच रात्री एकच बॅग सारखी पुरणार नाही.

चौथा घटक भूमी. अंगाखाली दबलेल्या भरावात हवा उरत नाही, म्हणून बॅगेच्या खालच्या बाजूचा रोध जवळजवळ शून्य होतो. तेथील काम मॅटचे. मॅटचा रोध आर-मूल्याने सांगतात. त्याच्या मापनासाठी २०१८ मध्ये एएसटीएम एफ३३४० हे मानक ठरले. साध्या फोमच्या कॅरीमॅटचे आर-मूल्य सहसा २ च्या आत असते. विदर्भातील मातीवर ते चालते. सह्याद्रीच्या गार कातळावर कडाक्याच्या थंडीत ते अपुरे पडू लागते. बर्फावर ४ ते ५ आवश्यक. मॅट न नेता महागडी बॅग नेणारा मनुष्य अर्ध्याच देहाचे रक्षण करतो.

भरावाचे द्रव्य दोन प्रकारचे : पिसांचे आणि कृत्रिम तंतूंचे. पिसे वजनाच्या मानाने अधिक हवा धरतात, पण ओली झाली की गोळा होतात. तंतू जड असतात, तरी ओलाव्यातही रोधाचा बराच अंश राखतात. पावसाळी सह्याद्रीत हवा संपृक्त असते आणि काहीच वाळत नाही. तेथे पिसांची बॅग अयोग्य, तिचा तापमानांक कितीही चांगला असो. याच कारणाने गरजेपेक्षा अधिक उबदार बॅगही सदोष ठरते : आत घाम येतो, तो भरावात मुरतो, आणि पहाटे, जेव्हा गरज सर्वाधिक, तेव्हा रोध सर्वांत कमी उरतो. बॅगेत तोंड खुपसून श्वास घेण्याचा परिणामही असाच.

या चार घटकांवरून खापरखेड्याहून निघणाऱ्या पदयात्रिकाची प्रत्यक्ष निवड ठरवता येते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भाच्या सपाटीवर बॅगेचे प्रयोजनच नाही, चादर पुरे. डिसेंबर-जानेवारीत येथील रात्री सामान्यतः १० ते १३ अंशांच्या, थंडीच्या लाटेत ५ च्या आसपास. चिखलदरा व पचमढीच्या पठारांवर त्याहून कमी. या सर्वांसाठी ५ अंश सुखमूल्याची तंतूंची बॅग आणि फ्लीसचे अस्तर योग्य. अस्तराने दोन ते पाच अंशांची भर पडते. त्याहून मोठ्या दाव्यांवर विसंबू नये. हिवाळ्यातील सह्याद्रीला हीच बॅग पुरते, पावसाळ्यातील सह्याद्रीला १५ अंशांची पातळ बॅग. मे-जून व सप्टेंबरमधील हिमालयात, ३००० ते ४२०० मीटरच्या मुक्कामांवर, रात्र शून्याच्या वरखाली जाते. तेथे उणे ५ सुखमूल्य हवे. केदारकंठासारख्या हिवाळी वाटेवर उणे १० ते उणे १५. झांस्करच्या गोठलेल्या पात्रावरील चादर ट्रेकमध्ये रात्री उणे २० च्या खाली जातात. तेथे एका बॅगेत दुसरी घालणे हाच बहुधा व्यवहार्य उपाय. दोघींचे क्लो बेरजेने मोजावेत, मात्र आतली बॅग बाहेरचीत दाबली जाता कामा नये.

एकच बॅग विकत घ्यायची असेल तर ती ५ अंशांची घ्यावी आणि हिमालयासाठी तेथल्या पायथ्याच्या गावी भाड्याने घ्यावी. वर्षातून एखाद्या वेळी लागणाऱ्या उणे १५ च्या बॅगेचे ओझे आणि किंमत उरलेल्या सर्व रात्रींवर लादण्यात अर्थ नाही. भाड्याची बॅग घेताना मात्र एक वजाबाकी करावी लागते. छापील आकडा नव्या बॅगेचा असतो. सतत आवळून ठेवल्याने, मळाने आणि चुकीच्या धुण्याने भराव बसतो. बॅग जमिनीवर पसरून काही वेळाने तिची फुगवट पाहावी. कोठे भराव सरकून कापड कापडाला टेकत असेल, चेनेमागील पट्टी फाटलेली असेल किंवा हूडची दोरी नसेल, तर आकड्यातील ५ अंश गेले असे मानावे. घरची बॅग आवळलेल्या पिशवीत न ठेवता मोठ्या सुती पोत्यात सैल ठेवावी, आणि पत्र्याच्या छपराखाली तर मुळीच नको.