प्रतिनिधी : एका पदाची कुळकथा

कराडला खेटून असलेल्या मलकापुरात नगरपरिषदेची निवडणूक लागली की 'लोकप्रतिनिधी' हा शब्द गल्लोगल्ली ऐकू येतो. शब्द मुळात संस्कृत. यज्ञात सोमवल्ली मिळाली नाही तर तिच्याऐवजी पूतिक वापरत. अशा बदली द्रव्याला प्रतिनिधी म्हणत. मराठी राज्यात हा शब्द पद होऊन आला तो मात्र वेगळ्या गरजेपोटी.

1689 साली औरंगजेबाने संभाजी महाराजांची हत्या केली आणि रायगडाला मोगलांचा वेढा पडला. राजाराम महाराज वेष पालटून दक्षिणेत जिंजीला पोहोचले. त्या जिवावरच्या प्रवासात सोबत होते प्रल्हाद निराजी. जिंजीत दरबार पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्यांच्यासाठी प्रतिनिधी हे नवे पद निर्माण झाले. मान अष्टप्रधानांच्याही वरचा, काम राजाच्या वतीने कारभार पाहण्याचे. संकटात साथ देणाऱ्याचा राजाने असा सन्मान केला, आणि त्या माणसाची लायकीही तेवढीच होती.

शिवाजी महाराजांचा दंडक निराळा होता. बापाचे प्रधानपद मुलाकडे आपोआप जात नसे आणि चाकरीचा मोबदला शक्यतो रोख मिळे. जिंजीत खजिना रिकामा होता आणि औरंगजेब मराठा सरदारांना वतनांची लालूच दाखवत होता. माणसे टिकवायची तर राजाराम महाराजांनाही सनदाच द्याव्या लागल्या. 1691 साली हणमंतराव घोरपड्यांना जे आश्वासन मिळाले, त्यात दिल्ली जिंकल्यावर द्यायच्या रकमेचाही आकडा होता. हाती नसलेल्या मुलखाच्या भरवशावर फौजा उभ्या राहिल्या आणि राज्य वाचले. ही गरज खरी होती, ती नाकारता येणार नाही.

पुढे हे पद साताऱ्याच्या मातीतल्या माणसाकडे आले. परशुराम त्रिंबक हे किन्हईचे कुलकर्णी. मोगलांशी झुंजून, किल्ले परत घेऊन ते वर चढले. 1707 मध्ये संभाजीपुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा परशुरामपंत राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाईंच्या बाजूने लढले. शाहूंनी त्यांना कैदेत टाकले, आणि पुढे प्रतिनिधिपद पुन्हा त्यांनाच दिले. तिकडे त्यांचे एक पुत्र कृष्णाजी यांनी साताऱ्याच्या शाहूंपासून वेगळ्या झालेल्या कोल्हापूरच्या गादीचा पक्ष धरला व ते त्या गादीचे प्रतिनिधी झाले. 1718 साली परशुरामपंत वारले आणि साताऱ्याचे पद पुत्र श्रीपतरावांकडे गेले. दोन गाद्या, दोन्हींना माणसे हवीत, म्हणून एकाच घरात दोन प्रतिनिधी! साताऱ्याकडची जहागीर औंधची, कराडही तिच्यात. कराडचा पंताचा कोट त्या काळाची खूण. कोल्हापूरकडची विशाळगडची. तिची गादी पुढे आली ती शाहूवाडीकडच्या दुसऱ्या मलकापुरात. दोन्ही मलकापुरांचा इतिहास असा एकाच पदाशी बांधलेला आहे.

इथेच खरी गफलत झाली. साथ देणाऱ्याला पद दिले, यात काही वावगे नव्हते. पण त्याच्या पाठीमागून ते त्याच्या घराला मिळत गेले, आणि पद हे कर्तृत्वाचे राहिले नाही, वारशाचे झाले. 1720 मध्ये पेशवाईही बाळाजी विश्वनाथांकडून बाजीरावांकडे गेली. बाजीराव कर्तबगार निघाले. पण पुढच्या पिढ्यांत अशी खात्री कोण देणार? गावातली पाटीलकी, कुलकर्णीपणही याच वाटेने चालले होते.

ही वाट मोडायला फार काळ लागला. 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, 1962 च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. तलाठी, ग्रामसेवक नेमणुकीने येऊ लागले. 1960 साली परीक्षा घेऊन माणसे निवडणारा महाराष्ट्र लोकसेवा आयोग आला. वारशाने नसली तरी ओळखीने पदे देण्याची वाट इतरत्रही होती: अमेरिकेत पक्षाच्या माणसांना सरकारी नोकऱ्या वाटण्याची रीत होती. नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एकाने 1881 मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि 1883 मध्ये सरकारी नोकऱ्या परीक्षेने देण्याचा कायदा झाला.

तरीही 'आपला माणूस आहे, कुठेतरी चिकटवा' हे वाक्य आजही कानी येते, आणि रात्र रात्र अभ्यास करणाऱ्या पोरापोरींच्या तोंडचा घास हिरावते. म्हणून यज्ञातला जुना अर्थ आठवावा. पूतिक सोमाच्या जागी असतो, पण आहुती त्याची स्वतःची नसते. आजच्या प्रतिनिधीच्या हातातली नोकरीही त्याची नाही. ज्यांच्याऐवजी तो बसला आहे, त्या सगळ्यांची ती आहे.