कुरटे बेटावर एक ओहोटी

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली की मोबाइल खिशात टाका. लाइफ जॅकेटही काढून ठेवा, पलीकडे ते पाहून कुणीतरी बिचकेल. बघा, इंजिनाची घरघर थांबली, वल्ही पाण्यात पडू लागली. तुमच्या मांडीला मांडी लावून आता पर्यटकाऐवजी घडीव चिरा बसलाय.

बेटावर उतरताना पाय जपा, खडकावरची कालवं सुरीसारखी कापतात. "बाजूक सर रे!" अशी आरोळी येते आणि बांबूला टांगलेला दगड कानाजवळून जातो. १६६४ च्या हिवाळ्यात सुरू झालेलं सिंधुदुर्गाचं काम आता ऐन भरात आहे.

पहिला दणका नाकाला. भट्टीत भाजणारे शिंपले, चुन्याची वाफ, घाम, निखाऱ्यावरचा सुका बांगडा. मग कानांना. शेकडो छिन्न्या एकदम चालताहेत आणि एवढ्याशा बेटावर आवाजाला पळायला जागा नाही. तिकडे कढईत शिसं वितळतंय. पायाचा सांधा आधी फडक्याने टिपून कोरडा करतात; ओल राहिली तर शिसं उसळतं. चला, मागे व्हा!

इथे मुकादमाहून ओहोटीचा हुकूम मोठा. समुद्राकडचा पाया तेव्हाच भरता येतो, दिवसरात्रीत दोनदा, आणि ती वेळही रोज पाऊण तास पुढे सरकते. म्हणून मध्यरात्रीसुद्धा दिवट्या पेटतात. १९८७ पासून सागरी अभयारण्य असलेल्या ज्या पाण्यात तुम्ही प्रवाळ पाहायला बुडी मारणार होतात, तिथे ही माणसं कमरेपर्यंत उभी आहेत. तट जवळजवळ तीन किलोमीटर लांब होणार, हे सगळेच सांगतात. तुम्ही मात्र त्यांचे खांदे बघा. सोललेले, वर खोबरेल चोपडलेलं. मला किल्ला आठवतो तो या खांद्यांमुळे.

तहान लागली? चहूकडे खारं पाणी, तरी विहिरीचं पाणी गोड. विश्वास नसेल तर ओंजळ पुढे करा. मग करवंटीतून गरम पेज, बांगड्याचा तुकडा, जिभेवर सोलाचा आंबटपणा. वाढणारी आजी निरखून बघते. "खंयसून इलंस रे?"

तुम्ही उत्तर जुळवताय तोवर खाली हाळी उठते, पाणी ओसरलं! करवंटी ठेवा, चुन्याची पाटी डोक्यावर घ्या, रांगेत शिरा. लवकर, मागचा ढकलतोय.